दोन दिवस तो तिथेच का राहिला?

वाचकांचे प्रश्न

उपवासकाळाच्या (ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या) पाचव्या रविवारी मिस्सेत (चर्चमधील उपासनेत) लाजराचा उतारा वाचला गेला आणि त्यानंतर आलेली बहुतेक पत्रे त्याच उताऱ्याविषयी आहेत. म्हणून या वेळचे तिन्ही प्रश्न योहानलिखित शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाशी जोडलेले घेतले आहेत. ज्यांच्या हाताशी बायबल नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात कथा अशी : बेथानी गावचा लाजर आजारी पडतो, त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया येशूकडे निरोप पाठवतात, येशू लगेच निघत नाही, तो पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात, आणि मग येशू त्याला हाक मारून कबरेबाहेर बोलावतो.

प्रश्न : फादर, सप्रेम जय ख्रिस्त. माझा धाकटा भाऊ गेल्या पावसाळ्यात यकृताच्या आजाराने गेला. तो इस्पितळात होता तेव्हा आई दर बुधवारी माहीमला नोव्हेनाला (मरीयामातेच्या साप्ताहिक प्रार्थनेला) जायची, घरी रोज रोझरी (जपमाळेची प्रार्थना) व्हायची, धर्मग्रामातले (आमच्या चर्चच्या परिसरातले) कितीतरी लोक आमच्यासाठी प्रार्थना करत होते. तो वाचला नाही. महिन्याच्या मिस्सेला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाने ‘देवाची योजना असते, आपण विश्वास ठेवायचा’ असेच सांगितले. त्या रविवारी शुभवर्तमान ऐकताना, येशूचे या भावंडांवर प्रेम होते असे एक वाक्य आले आणि त्याच्या लगेच मागून तो आणखी दोन दिवस तिथेच राहिला असे दुसरे आले. त्यापुढचे माझ्या कानावर पडले नाही. प्रेम होते तर तो थांबला का? लाजर निदान चौथ्या दिवशी परत आला, आमचा भाऊ आला नाही. मग या योजनेवर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? (वसई परिसरातील एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, ज्या जागी तुम्ही अडखळलात ती जागा योहानाने जाणूनबुजून तशी ठेवली आहे. प्रेमाचे वाक्य आणि थांबण्याचे वाक्य यांच्यामध्ये त्याने एकही मऊ शब्द घातलेला नाही, आणि प्रवचनात आम्ही फादर मंडळी मात्र तिथून घाईघाईने पुढे सरकून थेट कबरेपाशी पोहोचतो. आपण आज थोडे थांबू.

आधी अंतर आणि दिवस यांचा हिशेब पाहू. बेथानी हे यरुशलेमपासून तीनएक किलोमीटरवर, जैतून डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारावरचे गाव. आज त्याचे अरबी नाव अल-अझरिया असे आहे आणि ते लाजराच्याच नावावरून पडले आहे. (हे तीन किलोमीटर आता सरळ चालून जाता येत नाहीत, मध्ये काँक्रीटची उंच भिंत उभी आहे आणि वळसा घालून जावे लागते.) येशू त्या वेळी तिथे नव्हता. यरुशलेमच्या मंदिरात त्याला दगडमार करण्याचा प्रयत्न झाल्यावर तो यार्देन नदीच्या पलीकडे, बाप्तिस्मा करणारा योहान (शुभवर्तमान लिहिणारा नव्हे) पूर्वी बाप्तिस्मा देत असे त्या ठिकाणी, जाऊन राहिला होता. परंपरा ज्या जागेला हे ठिकाण मानते ती आज जॉर्डन देशात आहे आणि २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली आहे. नदीचे ते खोरे समुद्रसपाटीपेक्षा काहीशे मीटर खाली आहे. तिथून यरीहो आणि यरीहोहून यहूदीयाच्या ओसाड डोंगरांमधून बेथानी, अशी जवळजवळ हजार मीटरची चढण चढायची, आणि तीही ज्या रस्त्यावर येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला वाटसरू लुटारूंच्या हाती सापडतो त्याच रस्त्याने. धडधाकट माणसाला पहाटे निघून संध्याकाळ व्हायची.

म्हणजे निरोप्याला जायला एक दिवस, येशू थांबला ते दोन दिवस आणि त्याला यायला एक दिवस. हे चार दिवस झाले, आणि तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवूनही चारच दिवस झाले होते. त्या देशात मृताला त्याच दिवशी पुरण्याची रीत होती. तेव्हा निरोप्या बेथानीतून निघाला त्याच दिवशी, कदाचित तो वाटेत असतानाच, लाजराने प्राण सोडलेला असणार. येशू निरोप ऐकताक्षणी उठून निघाला असता तरी त्याच्यासमोर दोन दिवसांची कबर आली असती.

हा हिशेब मी प्रभूची वकिली करण्यासाठी मांडत नाही. योहानाने स्वतः तो कुठे मांडलेला नाही, आणि दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघणाऱ्या मार्थेला तो ठाऊक असण्याचा संभवही नव्हता. पण मृत्यू झालेल्या घरांमध्ये बसून मी एक पाहिले आहे की माणसे महिनोन्‌महिने तासांची मोजदाद करत राहतात : दोन दिवस आधी मुंबईला हलवले असते तर, तो रिपोर्ट वेळेवर मिळाला असता तर, त्या रात्री मी घरी न जाता तिथेच थांबले असते तर. तुमच्या पत्रात हे नाही, पण मनात असेल तर ती मोजदाद थांबवावी असे मी सुचवीन. जे तास आपण हातचे गेले असे धरून चालतो, त्यांतले बरेचसे कधी आपल्या हातात नव्हतेच.

तरी तुमचा प्रश्न या हिशेबाने सुटत नाही, कारण तो थांबला हे तर खरेच. इतकेच नव्हे, वाटेत तो शिष्यांना म्हणतो की मी तिथे नव्हतो याचा तुमच्यासाठी मला आनंद वाटतो, म्हणजे तुम्ही विश्वास ठेवाल. हे वाक्य कठीण आहे आणि ते सोपे करून सांगण्याचा आव मी आणणार नाही. मात्र ते कोणाला सांगितले आहे याकडे लक्ष द्या. ते शिष्यांना सांगितले आहे, बहिणींना नाही. बेथानीच्या वेशीवर मार्था त्याला गाठते आणि म्हणते की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. तेव्हा त्या दोन दिवसांचा खुलासा तो करत नाही, त्यामागे मोठा हेतू होता असेही म्हणत नाही. तो स्वतःविषयी बोलतो : पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे. आपल्या कितीतरी थडग्यांवर कोरलेले हे शब्द पहिल्यांदा उच्चारले गेले ते गावाबाहेरच्या रस्त्यावर, तक्रार घेऊन आलेल्या एका बाईसमोर. पुढे मरीया येते आणि पायांवर पडून तेच वाक्य बोलते. तिला तर तो काहीच सांगत नाही. तिला आणि तिच्याबरोबरच्या माणसांना रडताना पाहून तो कळवळतो, त्याला कुठे ठेवले आहे एवढेच विचारतो, आणि रडतो.

आता ज्यांनी महिन्याच्या मिस्सेला तुम्हाला धीर दिला त्यांच्याविषयी. त्यांचे मन चांगले होते याबद्दल मला शंका नाही. पण योजना ठाऊक असल्यावर दुःख उरत नाही, किंवा योजनेवर विश्वास असल्यावर ते उरू नये, असा जो अर्थ त्या बोलण्यातून निघतो त्याला या अध्यायात आधार नाही. थोड्याच वेळात लाजर बाहेर येणार हे त्या जमावात फक्त येशूला माहीत होते. योजना माहीत असलेला तो एकटा होता आणि तरी तो रडला.

याहून पुढचे एक पाऊल मी ठामपणे टाकतो. अमुक एका घराला शिकवण मिळावी किंवा अमुक एकाचा विश्वास वाढावा म्हणून देवाने तुमच्या भावाचे यकृत निकामी केले, असे कोणी म्हणत असेल तर ते येशूच्या शिकवणीला धरून नाही. लूकलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा माणसांचा विषय निघतो. ती माणसे यरुशलेमच्या इतर रहिवाशांपेक्षा अधिक अपराधी होती असे समजू नका, असे येशू तिथे स्पष्ट सांगतो, आणि बुरूज का पडला याचे कारण देत नाही. वाइटातूनही देव चांगले घडवू शकतो हे चर्च शिकवते; ते वाईट देव स्वतः घडवतो असे चर्च शिकवत नाही. आजार हा आजारच आहे.

लाजर परत आला आणि तुमचा भाऊ आला नाही, हे तुमचे वाक्य वाचून मी बराच वेळ पत्र खाली ठेवले होते. त्याला माझ्याकडे अर्धेच उत्तर आहे. लाजर जो परत आला तो पुन्हा मरण्यासाठी आला. परत आल्यावर तो काय बोलला, त्या चार दिवसांत त्याने काय पाहिले, यातले एक अक्षरही योहानाने लिहिलेले नाही. पुढच्या अध्यायात तो जेवणाच्या पंगतीत बसलेला दिसतो आणि मुख्य याजक त्यालाही ठार मारण्याचा विचार करत होते एवढे कळते, मग तो कथेतून नाहीसा होतो. मार्था आणि मरीयेला त्याला, किंवा त्याला त्या दोघींना, पुन्हा एकदा कबरेत ठेवावे लागलेच असेल. लाजराचे उठणे ही एक खूण होती. तुमच्या भावासाठी आपण आशा धरतो ती लाजराच्या मार्गाने परत येण्याची नाही, ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या, सकाळची आहे, आणि ती सकाळ अजून तुमच्या अंगणात उजाडलेली नाही हे कबूल करूनच आपण ती धरतो.

पण उताऱ्यातला जो भाग रविवारी वाचला जात नाही तो तुम्ही घरी अवश्य वाचा. मिस्सेतले वाचन पंचेचाळिसाव्या ओवीपाशी थांबते. त्यानंतर लगेच यरुशलेममध्ये न्यायसभा भरते, सर्व लोकांसाठी एका माणसाने मरावे हे हिताचे आहे असे महायाजक कयफा म्हणतो, आणि त्या दिवसापासून येशूला जिवे मारण्याचा बेत ठरतो. म्हणजे योहानाच्या सांगण्याप्रमाणे लाजराला कबरेतून बाहेर काढणे हेच येशूच्या मरणाचे निमित्त झाले. शिष्यांनी निघतानाच सावध केले होते की आत्ताच तर ते लोक तुम्हाला दगडमार करू पाहत होते; त्यांच्यातला थोमा तर चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ, असे म्हणून निघाला होता. हे सगळे माहीत असताना येशू ती चढण चढला. देवाची योजना हा शब्द मी वापरतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हा रस्ता असतो. वर कुठेतरी बसून कोणाला न्यावे आणि कोणाला ठेवावे याची यादी करणारा देव मला या अध्यायात सापडत नाही. मित्रासाठी स्वतःच्या मरणाकडे चालत जाणारा सापडतो.

आता नेमके काय करायचे? या दोघी बहिणींनी काय केले ते पाहावे. त्यांच्या निरोपात मागणी नाही, सूचना नाही. ज्याच्यावर आपण प्रेम करता तो आजारी आहे, इतकेच आहे. निरोपाला उत्तर आले नाही तेव्हा मार्थेने तक्रार शेजारणींजवळ न बोलता ज्याच्याविषयी होती त्याच्या तोंडावर जाऊन केली, आणि त्याच श्वासात म्हणाली की अजूनही आपण देवाजवळ जे मागाल ते तो देईल हे मला ठाऊक आहे. मरीया तर आधी घरातून उठलीच नाही; तिला बोलावणे आले तेव्हा गेली. या दोघींपैकी एकीलाही येशूने तुझा विश्वास कमी पडला असे म्हटलेले नाही. म्हणून तुमची तक्रार मनात कोंडून वरवर शांत दिसण्याची गरज नाही. ती प्रार्थनेत, आहे त्या शब्दांत मांडा. शब्द सापडत नसतील तर स्तोत्रसंहितेतले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. इतर बहुतेक शोकस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपते, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. रोझरी हातात घ्यावीशी वाटत नसेल तर काही महिने आईला किंवा धर्मग्रामाला तुमच्या वाटची म्हणू द्या.

अशा दुःखातून गेलेल्या एका बाईचे नाव इथे लिहितो. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या काळात गमावली, १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती गमावला. १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा गेली, जिच्या हाती केडगावच्या मुक्ती मिशनची धुरा सोपवण्याचा त्यांचा मानस होता. त्या वेळी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक मुळावरून बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली छापून निघाला. ज्या बाईने मुलगी गेल्यावरही ते काम हातावेगळे केले तिला ‘येशू रडला’ हे वाक्य मराठीत लिहिताना काय वाटले असेल, असे पुष्कळदा मनात येते.

प्रश्न : आदरणीय फादर, ख्रिस्ती सलाम. मी तुमच्या मंडळीचा नाही, पण तुमचे सदर आमच्या घरी वाचले जाते. आमच्याकडे यिर्मया २९:११ भिंतीवर लावलेले आहे : तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते मी जाणतो, ते हिताचे आहेत. एका सभेत ऐकून आल्यापासून वडिलांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या आहेत, औषध घेणे म्हणजे देवाच्या योजनेवर अविश्वास असे ते म्हणतात. मी स्पर्धा परीक्षा देतो आहे आणि मलाही ते सांगतात की व्हायचे ते ठरलेले आहे, जिवाला त्रास करून घेऊ नकोस. विश्वास म्हणजे प्रयत्न सोडणे का? (अहिल्यानगर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : पत्र वाचून होताच पहिले काम हे करा की वडिलांना डॉक्टरांकडे न्या आणि गोळ्या कशा सुरू करायच्या ते त्यांच्याकडून समजून घ्या. बाकीचे उत्तर दवाखान्याच्या बाकावर बसून वाचले तरी चालेल.

वडिलांना लाजराचाच अध्याय दाखवा. मेलेल्या माणसाला नावाने हाक मारून उठवू शकणाऱ्या येशूला कबरेच्या तोंडावरची धोंड एका शब्दाने सरकवता आली नसती का? पण ती काढायला तो जमलेल्या लोकांना सांगतो. चार दिवस झाले आहेत, आता दुर्गंधी येत असेल, अशी व्यवहारी अडचण मार्था काढते, तरी धोंड माणसांनाच काढावी लागते. लाजर हातपाय पट्ट्यांनी बांधलेला आणि तोंडाला रुमाल गुंडाळलेला असा बाहेर येतो, तेव्हा त्या सोडायलाही तो लोकांनाच सांगतो. मधले जे कोणालाच जमणारे नव्हते तेवढे त्याने केले. धोंड आणि पट्ट्या त्याने आपल्यावर सोपवल्या, आणि शुगरच्या गोळ्या मी त्याच रांगेत धरतो. आमच्या कॅथलिक बायबलमधील प्रवक्ता बेन सिराच्या पुस्तकात, अडतिसाव्या अध्यायात, वैद्याचा मान राख आणि औषधे प्रभूनेच भूमीतून उत्पन्न केली आहेत असे सरळच लिहिले आहे. ते पुस्तक तुमच्या बायबलमध्ये नसेल, पण पौलाने ज्याला प्रिय वैद्य म्हटले तो लूक तुमच्याकडेही आहेच.

भिंतीवरच्या वचनाविषयी. ते चौकटीतून काढून टाका असे मी म्हणणार नाही. त्याच्या आजूबाजूचे वाचा. यरुशलेमहून बाबेलला हद्दपार केलेल्या लोकांना यिर्मयाने लिहिलेल्या पत्रातले ते वाक्य आहे. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा लोकांना दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे सांगतो, आणि यिर्मया त्याला खोटा ठरवतो. यिर्मयाच्या पत्रात मुदत आहे सत्तर वर्षांची. म्हणजे ज्यांनी ते पत्र पहिल्यांदा हातात घेतले त्यांतल्या बहुतेकांना परतीची वाट दिसणार नव्हती, आणि त्यांना हिताचे संकल्प असे सांगितले जात होते. मधल्या काळात त्यांनी काय करायचे? घरे बांधा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, लग्ने करा, मुलांची लग्ने लावा, ज्या नगरात आहात त्याचे कल्याण पाहा. हातावर हात ठेवून बसा असे त्या पत्रात कुठेच नाही.

तेव्हा तुमचा निकाल काय लागेल याचे आश्वासन त्या वचनात शोधू नका. पद मिळाले तर ती देवाची योजना आणि हुकले तर देव विसरला, असा अर्थ करून घेतला तर दोन्हीकडून फसगत होते. अभ्यास मन लावून करा, किती वर्षे द्यायची याची मर्यादा घरच्यांशी बोलून आधीच ठरवा, आणि हाताशी दुसरे एखादे काम राहू द्या. मळे लावणे म्हणजे आजच्या भाषेत बहुधा हेच असेल.

प्रश्न : ‘देवाची योजना’ असे म्हणू नये, असे तुम्ही मागे एका प्रवचनात म्हणालात. मग मयताच्या घरी गेल्यावर बोलायचे तरी काय? काहीच न बोलणे बरे दिसत नाही. (ठाण्यातील एक वाचक)

उत्तर : बरे न दिसले तरी चालेल. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर त्यांचे सगळे ठीक चालले होते. मग त्यांनी तोंडे उघडली, त्याच्या दुःखाची कारणे सांगायला लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप ओढवला तो त्यांच्यावर. बेथानीलाही यरुशलेमहून बरीच मंडळी सांत्वनाला आली होती. त्यांच्यातल्या काहींनी, आंधळ्याचे डोळे उघडणाऱ्याला हा मरू नये असे करता आले नसते का, अशी कुजबुज केली, पण मरीया उठून निघाली तेव्हा ती रडायला कबरेकडे जात असेल असे समजून ती सगळी तिच्या मागोमाग गेली, ही त्यांची जमेची बाजू.

तुम्हीही तेच करा. गेलेल्या माणसाचे नाव घ्या, त्याची एखादी आठवण असेल तर सांगा, आणि शेवट कसा झाला हे घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेले असते, डबेही येतात. गर्दी ओसरल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, पुन्हा एकदा जा. मृत्यूचा दाखला, बँकेचे खाते, विम्याचा दावा, रेशनकार्डावरचे नाव ही कामे याच सुमारास निघतात आणि त्यांसाठी सहसा घरातल्या एकाच माणसाला, बहुतेक वेळा पत्नीला, झेरॉक्सची पिशवी घेऊन एकटीने फिरावे लागते. अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिच्याबरोबर बँकेत जाता येत असेल, तर मयताच्या घरी काय बोलावे हा प्रश्न तुम्हाला फारसा पडणार नाही.